लॉकडाऊनमध्ये कुणाकडे गेलात म्हणून 188 लागलं? केस टिकते का आणि काढायची कशी

पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन आलं की बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं की 2020-21 ची केस, म्हणजे आयपीसी (भारतीय दंड संहिता) कलम 188, लोकसेवकाचा आदेश मोडल्याची, अजून नावावर आहे. गुन्हा काय, तर मामाला भेटायला निघालो होतो. मग पहिला प्रश्न हाच येतो की कुणाच्या घरी जायची बंदी खरंच कायद्याने होती का नुसतं आवाहन?

दोन्ही होतं. टीव्हीवर "घरातच थांबा" सांगितलं ते आवाहन, ते मोडलं म्हणून शिक्षा होत नाही. पण साथरोग कायदा 1897 किंवा आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 खाली लेखी आदेश निघाला असेल तर तो मोडणं गुन्हा आहे, साथरोगच्या कलम 3 मध्येच म्हटलंय की मग आयपीसी 188 ची शिक्षा. एप्रिल 2021 चा महाराष्ट्र सरकारचा 'ब्रेक द चेन' आदेश काढून बघा, त्यात बंदी आहे ती योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी फिरण्यावर, म्हणजे मामाकडे चहा प्यायलात म्हणून नाही तर वाटेत सापडलात म्हणून गुन्हा. सोसायट्यांचं मात्र वेगळं होतं, 5 पेक्षा जास्त ॲक्टिव्ह पेशंट असले की मायक्रो कंटेनमेंट झोन, गेटवर बोर्ड लावायचा आणि बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, नाही पाळलं तर पहिल्यांदा 10,000 दंड, तोही सोसायटीला. बाकी सेक्रेटरीने स्वतःच्या मनाने लावलेल्या नोटिशीवर 188 लागत नाही कारण तो लोकसेवक नाही, कितीही रुबाब केला तरी.

188 ची शिक्षा साधी आहे, जास्तीत जास्त 1 महिना कैद, 200 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि जिवाला वगैरे धोका होत असेल तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी गोम सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 195 मध्ये आहे. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्ट 188 ची दखलच घेऊ शकत नाही, म्हणून आधी बघा की फाइलमध्ये तशी तक्रार आहे का नुसतं पोलिसांचं चार्जशीट.

आता केस काढायचं. राज्य सरकारने लॉकडाऊनमधले 188 चे खटले मागे घ्यायचं ठरवलं होतं, अट अशी की सरकारी कर्मचारी किंवा फ्रंटलाइन वर्करवर हल्ला झालेला नसावा आणि मालमत्तेचं नुकसान 50 हजारांच्या वर नसावं. पण निर्णय झाला म्हणून केस आपोआप जात नाही हो! सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज करावा लागतो (जुन्या सीआरपीसीचं कलम 321), कोर्टाने परवानगी दिली तरच केस बंद. आणि 188 सोबत आपत्ती कायद्याचं कलम 51 किंवा आयपीसी 353 (सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला) लावलं असेल तर नुसतं 188 निघून भागत नाही, मग वकील गाठाच.

सुरुवात ई-कोर्ट्सवर (कोर्टांची सरकारी वेबसाइट) नाव किंवा एफआयआर नंबर टाकून करा, केस नंबर आणि पुढची तारीख मिळेल. एफआयआरची कॉपी, समन्स आलं असेल तर ते, आधार, आणि त्या दिवशीचा ई-पास किंवा दवाखान्याचा कागद असेल तर तोही, हे सगळं एका फायलीत लावा आणि जिथं गुन्हा दाखल आहे त्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या, पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका. केस मागे घ्यायच्या यादीत आहे का ते तिथं आणि सरकारी वकिलाकडे, दोन्हीकडे विचारा, कारण एकाकडून दुसऱ्याकडे पाठवतातच.

कुणीतरी सांगेल की गुन्हा कबूल कर, दोनशे भर, मोकळा हो. पटकन सुटतं खरं, पण ती शिक्षाच झाली, उद्या नोकरीच्या फॉर्मवर "कधी दोषी ठरला आहात का" विचारलं की हो लिहावं लागतं. माझं मत विचाराल तर दोन चकरा जास्त मारा पण मागे घेऊनच काढा. तेही होत नसेल तर एफआयआर रद्द करायला हायकोर्ट आहे, त्याला खर्च येतो.

1 जुलै 2024 पासून 188 च्या जागी बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 223 आलंय, पण तेव्हाच्या केसेस जुन्याच कलमाने चालतात, त्यामुळे अर्जात 188 च लिहा. केस बंद झाली की कोर्टाच्या ऑर्डरच्या दोन सर्टिफाइड कॉपी काढा, एक पासपोर्टवाल्यांना आणि एक पोलीस स्टेशनला, कारण तिकडची नोंद आपण मागे लागल्याशिवाय कुणी बदलत नाही.