एआर चष्म्यांचे दोन वंश: विकत घेण्यापूर्वीची पार्श्वभूमी

‘चार मीटरवर १३० इंची पडदा’, ‘वजन अवघे ७९ ग्रॅम’, ‘फोनला जोडा आणि पाहा’ अशा शब्दांत गेल्या काही वर्षांत एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच्या (समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र चढवणाऱ्या) चष्म्यांची जाहिरात होऊ लागली आहे. प्रवासात चित्रपट पाहता यावा आणि हॉटेलच्या लहानशा टेबलावर लॅपटॉपला मोठा पडदा मिळावा, या दोन अपेक्षांनी ग्राहक त्यांच्याकडे वळतो. पण ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हटले की भिंत ओळखणारा, रस्ता दाखवणारा, यंत्राच्या सुट्या भागांवर सूचना उमटवणारा चष्मा डोळ्यांपुढे येतो, आणि करमणुकीसाठी विकले जाणारे बहुतेक चष्मे यांपैकी काहीच करीत नाहीत. या विसंगतीचे कारण इतिहासात आहे. आज एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या या वस्तूंचे दोन निराळे वंश आहेत, आणि आपण कोणत्या वंशाचा चष्मा घेत आहोत हे ठाऊक असेल तर किमतीचा आणि अपेक्षांचा मेळ घालणे सोपे जाते.

पहिला वंश प्रयोगशाळेतला. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात केलेल्या डोक्यावरच्या पडद्याच्या कामाचा शोधनिबंध सादर केला. त्यात दोन्ही डोळ्यांच्या बाजूंना छोट्या कॅथोड किरण नळ्या होत्या आणि समोर अर्धपारदर्शक आरसे, त्यामुळे खोलीही दिसे आणि तिच्यात तरंगणारी रेषांची आकृतीही दिसे. डोके कुठे वळले हे मोजण्यासाठी छतापासून एक यांत्रिक दांडा खाली आणून डोक्यावरच्या उपकरणाला जोडला होता. डोक्यावर टांगलेल्या त्या सांगाड्यामुळे, एका केसाने डोक्यावर लटकणाऱ्या डॅमॉक्लीजच्या तलवारीची ग्रीक दंतकथा या उपकरणाला कायमची चिकटली. डोके वळवले तरी आकृती खोलीत आपल्या जागीच राहिली पाहिजे, हा त्या प्रयोगाचा गाभा होता आणि या वंशाची पुढची सगळी धडपड त्याच एका अटीभोवती झाली. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी ही संज्ञा पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी रूढ केली. विमानातील तारांचे जुडगे बांधणाऱ्या कामगाराला कोणती तार कुठून न्यायची हे थेट फळीवर दिसावे, असा त्यांचा व्यवहारी हेतू होता.

याच वाटेने पुढे मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स आला. विकसकांसाठी तो २०१६ मध्ये ३,००० डॉलरला मिळू लागला. खोलीचा नकाशा स्वतः तयार करणारे कॅमेरे, संगणक आणि बॅटरी हे सारे डोक्यावरच होते, साहजिकच वजन अर्ध्या किलोहून अधिक भरले. मॅजिक लीप कंपनीने अब्जावधी डॉलरचे भांडवल उभारून २०१८ मध्ये २,२९५ डॉलरचे उपकरण आणले, पण घरगुती ग्राहक त्याच्याकडे फिरकला नाही आणि कंपनीला उद्योगक्षेत्राकडे वळावे लागले. होलोलेन्सचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. मधल्या काळात गूगल ग्लासचे प्रकरण घडून गेले होते. २०१३ मध्ये १,५०० डॉलरला निवडक लोकांच्या हाती पडलेला हा चष्मा हलका होता, पण त्याचा पडदा नजरेच्या एका कोपऱ्यापुरता होता आणि त्याच्या कॅमेऱ्याने समोरच्या माणसाला अस्वस्थ केले. कोणी आपले चित्रीकरण तर करीत नाही ना, या शंकेने काही उपाहारगृहांनी आणि बारनी तो घालून येण्यास मनाई केली. जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री बंद झाली. पुढे कारखान्यांसाठी निघालेली त्याची आवृत्तीही २०२३ मध्ये संपली. या प्रकरणाचा धडा पुढच्या उत्पादकांनी नीट गिरवलेला दिसतो. करमणुकीच्या चष्म्यांच्या सुरुवातीच्या पिढ्यांत कॅमेरा बहुधा नसेच, आणि तो काढून टाकल्यामुळे वजन, किंमत आणि लोकांचा संशय हे तिन्ही एकदमच घटले.

दुसरा वंश तुलनेने अप्रसिद्ध आहे. खरेदीच्या दृष्टीने मात्र तोच अधिक महत्त्वाचा. त्याला भोवतालच्या जगाशी काही देणेघेणे नव्हते, डोळ्यांपुढे खासगी पडदा उभा करणे एवढेच त्याचे काम होते. सोनीने १९९६ मध्ये जपानमध्ये ग्लासट्रॉन आणला. दोन छोटे एलसीडी पडदे, कानांत आवाज आणि सुमारे दोन मीटरवर ५२ इंची पडद्याचा भास, असा तो मामला होता. समोरचे दृश्य थोडे दिसू द्यावे म्हणून त्यात एलसीडीची झडपही होती. चित्र मात्र भरड असे आणि त्यावर मजकूर वाचणे कष्टाचे होई. २००५ नंतर आयपॉडला जोडायचे ‘व्हिडिओ चष्मे’ बऱ्याच कंपन्यांनी काढले आणि ते पुन्हा दिसेनासे झाले. २०११ मध्ये सोनीने एचएमझी-टी१ आणला. त्यात प्रत्येक डोळ्यासाठी ०.७ इंचाचा, १२८०×७२० बिंदूंचा ओएलईडी पडदा होता आणि जपानमधील किंमत सुमारे ६०,००० येन होती. चित्र उत्कृष्ट, पण वजन ४२० ग्रॅम, तेही बव्हंशी नाकाच्या बाजूला, शिवाय जोडीला विजेवर चालणारी वेगळी पेटी. सोफ्यावर बसून पाहण्याची ती वस्तू होती, पिशवीत टाकून नेण्याची नव्हे. त्याच वर्षी एप्सनने मोव्हेरिओ हा आरपार दिसणारा अँड्रॉइडवर चालणारा चष्मा काढला. तो नेता येण्याजोगा होता, पण त्याचे दृश्यक्षेत्र, म्हणजे चित्र डोळ्याशी जेवढा कोन करते तो, जेमतेम २३ अंश होते.

येथे जाहिरातीतल्या इंचांचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. सोनीने एचएमझी-टी१ साठी ‘२० मीटरवर ७५० इंच’ असा दावा केला होता. ७५० इंच म्हणजे सुमारे १९ मीटरचा कर्ण. तो २० मीटरवरून पाहिला तर डोळ्याशी साधारण ५१ अंशांचा कोन होतो. आजच्या चष्म्याचा ‘चार मीटरवर १३० इंच’ हा दावा याच रीतीने तपासला तर उत्तर ४५ अंशांच्या आसपास येते. म्हणजे ७५० आणि १३० या आकड्यांत जेवढी तफावत भासते तेवढी डोळ्याला दिसणाऱ्या चित्रात नाही. इंच हे विक्रेत्याने निवडलेल्या अंतरावर अवलंबून असतात, अंश तसे बदलत नाहीत. सदरलँड यांच्या १९६८ च्या उपकरणाचे दृश्यक्षेत्रही सुमारे ४० अंश होते, हे लक्षात घेतले तर या एका बाबतीत अर्ध्या शतकात किती थोडी मजल मारली गेली ते कळते. कामासाठी चष्मा घेणाऱ्याने जाहिरातीतले ४६ अंश आणि १९२०×१०८० बिंदू यांचा अर्थ असा लावावा: २४ इंची फुल एचडी मॉनिटर सुमारे ७० सेंटिमीटरवर ठेवला तर जेवढा दिसतो, तेवढाच हा पडदा दिसतो. पत्रव्यवहार, लेखन आणि मध्यम आकाराचे तक्ते यांना तो पुरतो. विस्तीर्ण पडद्याच्या आशेने घेतला तर हिरमोड होईल.

या दुसऱ्या वंशाला खरी उभारी मिळाली ती चष्म्याबाहेर घडलेल्या गोष्टींमुळे. ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी टाइप-सी जोडणीचे मानक प्रसिद्ध झाले आणि पाठोपाठ त्याच जोडणीतून डिस्प्लेपोर्टचे (मॉनिटरला चित्र पुरवण्याच्या मानकाचे) चित्र नेण्याची सोय जाहीर झाली. आता एकाच तारेतून चित्र, आवाज आणि वीज जाऊ शकत होती. याचा अर्थ असा की चष्म्यातून बॅटरीही काढता आली आणि संगणकही. दुसरीकडे कॅमेऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमुळे (डोळा लावून पाहायच्या छोट्या पडद्यामुळे) सूक्ष्म ओएलईडी पडद्यांचा उद्योग उभा राहिला होता. नखाएवढ्या तुकड्यावर फुल एचडी चित्र बसवण्याचे तंत्र चष्मेवाल्यांना आयतेच मिळाले. पहिला वंश चष्मा शहाणा करू पाहत होता, दुसऱ्याने तो जवळजवळ निर्बुद्ध ठेवला आणि बुद्धी खिशातल्या फोनवर सोपवली. प्रस्तुत लेखकाच्या मते या बाजारातला निर्णायक विचार हाच.

तो विचार बाजारात रुजवण्यात एनरियल या बीजिंगच्या कंपनीचा वाटा मोठा आहे. तिचे एक संस्थापक ची श्यू पूर्वी मॅजिक लीपमध्ये होते. मॅजिक लीपने २०१९ मध्ये त्यांच्यावर दावा लावला, तो पुढच्या वर्षी न्यायालयाने फेटाळला. एनरियलचा पहिला चष्मा, लाइट, २०२० मध्ये दक्षिण कोरियात एका दूरसंचार कंपनीमार्फत विक्रीस आला. तो दोन वंशांचा संकर होता: कॅमेरे होते, खोलीचे भान होते, तरी शक्ती फोनची होती. २०२२ मध्ये आलेल्या एअर या चष्म्यात कंपनीने कॅमेरे वगळले, वजन ७९ ग्रॅमवर आणले आणि अमेरिकेत किंमत ३७९ डॉलर ठेवली. ग्राहकांनी पसंती दिली ती या कमी कामे करणाऱ्या चष्म्याला. रोकिड, व्हिचर, टीसीएलचा रेनिओ हे प्रतिस्पर्धी याच आराखड्यावर उभे राहिले, आणि एनरियलने २०२३ मध्ये एक्सरियल हे नाव घेतले. त्याच सुमारास स्टीम डेकसारखे हातात धरायचे गेमचे संगणक लोकप्रिय झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला टाइप-सी जोडणी मिळाली. त्याआधीच्या आयफोनवाल्यांना मध्ये एखादे अडॅप्टर खुपसावे लागत असे.

या चष्म्यांतील प्रकाशरचनेची ओळख करून घेणेही आवश्यक आहे, कारण त्यांचे गुण आणि दोष दोन्ही तीतूनच येतात. कपाळाच्या बाजूला बसवलेला पडदा खाली प्रकाश टाकतो, तिरका अर्धपारदर्शक आरसा तो पुढच्या अंतर्वक्र आरशाकडे वळवतो आणि तिथून परतलेला प्रकाश पुन्हा तिरक्या आरशातून डोळ्यात शिरतो. बर्डबाथ या नावाने ओळखली जाणारी ही रचना स्वस्त आहे आणि तिचे रंग सच्चे असतात, पण प्रत्येक टप्प्यावर प्रकाश निम्म्याने गळतो. बाहेरचा प्रकाशही दोन अर्धआरशांतून येतो, त्यामुळे साध्या हिशेबाने त्याचा चौथा हिस्साच डोळ्यापर्यंत पोहोचतो. हे चष्मे गॉगलसारखे काळपट दिसतात ते यामुळेच. उलट भर दुपारी रेल्वेच्या खिडकीशी बसले की बाहेरचा तेवढा चतकोर उजेडही चित्रावर मात करतो. पहिल्या उत्पादकांनी म्हणून काचेवर लावायचे काळे झाकण दिले. पुढे एक्सरियलच्या एअर २ प्रो मध्ये बटण दाबून काच कमीअधिक गडद करण्याची सोय आली. होलोलेन्ससारख्या उपकरणांतील वेव्हगाइड काच (चित्राचा प्रकाश आतूनच वाहून डोळ्यापर्यंत आणणारी) अधिक पारदर्शक असते, पण तिच्यात चित्राचे रंग आणि तेज यांची इतकी तडजोड करावी लागते की चित्रपटासाठी ती अद्याप दुय्यमच ठरते.

दुसरी तक्रार डोक्याच्या हालचालीची. साध्या चष्म्यात पडदा नाकाला बांधल्यासारखा सोबत हलतो. बसच्या धक्क्यांत त्यामुळे मळमळते आणि कामाच्या वेळी पडद्याचा कोपरा नीट पाहता येत नाही, कारण तिकडे मान वळवली की तोही वळतो. सदरलँड यांची जुनी अट अशी या वंशालाही शेवटी लागू झालीच. आरंभी हे काम फोनवरच्या किंवा लॅपटॉपवरच्या खास सॉफ्टवेअरकडे होते आणि ते प्रत्येक यंत्रावर चालत नसे. २०२४ च्या अखेरीस आलेल्या एक्सरियल वन या चष्म्यात त्यासाठी एक्स१ नावाची चिप बसवली, त्यामुळे कोणत्याही यंत्राला जोडला तरी पडदा हवेत एका जागी ठेवता येतो. त्याची अमेरिकेतील किंमत ४९९ डॉलर होती. येथे चिप केवळ मानेचे वळणे ओळखते. उठून दोन पावले पुढे गेल्यास पडदाही पुढे सरकतो. तेही टाळायचे तर पुन्हा कॅमेरे हवेत. एक्सरियलने गूगलसोबत मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या प्रोजेक्ट ऑरा या चष्म्यात ते परतले आहेत, आणि ७० अंशांच्या दृश्यक्षेत्रासह संगणक तारेने जोडलेल्या छोट्या डबीत ठेवला आहे. ३,४९९ डॉलरचा अ‍ॅपल व्हिजन प्रो हेच सारे अधिक समर्थपणे करतो, पण सहाशे ग्रॅमहून जड आणि डोळे पूर्ण झाकणारे ते उपकरण प्रवासी डब्यात किती जण घालतील, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

या इतिहासात मुंबई परिसराचाही छोटा भाग आहे. क्षितिज मारवाह यांनी स्थापन केलेली टेसरॅक्ट ही कंपनी रिलायन्सने २०१९ मध्ये घेतली आणि १५ जुलै २०२० च्या वार्षिक सभेत फोनला तारेने जोडायचा, ७५ ग्रॅम वजनाचा जिओग्लास दाखवला. टाळेबंदीच्या त्या दिवसांत वर्ग आणि बैठका त्रिमित रूपात भरवण्याचे चित्र त्यात रंगवले होते. रचनेने तो थेट दुसऱ्या वंशातला होता. ठाण्याची अज्नालेन्स ही कंपनी मात्र पहिल्या वंशाची. प्रशिक्षण आणि संरक्षण ही तिची क्षेत्रे आहेत, करमणूक नव्हे.

आपल्याकडच्या ग्राहकाची अडचण बहुधा चष्म्यापाशी नसून फोनपाशी असते. टाइप-सीचे छिद्र आहे म्हणून चित्र बाहेर येईलच असे नाही. मध्यम किमतीच्या अनेक फोनांत त्या छिद्रातून केवळ वीज आणि साधी माहिती जाते, डिस्प्लेपोर्टची जोडणीच केलेली नसते. पिक्सेल ८ मध्येसुद्धा ती सोय नंतर, २०२४ च्या एका अद्ययावत आवृत्तीने खुली झाली. शिवाय चष्मा वीज फोनचीच ओढतो, त्यामुळे लांबच्या प्रवासात एकाच वेळी चार्जिंग आणि चित्र चालवणारा जोड लागतो.

राहिला डोळ्यांचा नंबर. रोकिड मॅक्ससारख्या चष्म्यांत उणे सहापर्यंतचा नंबर चाकाने जुळवता येतो, परंतु त्यातून सिलिंडरचा दोष जात नाही. त्यासाठी वेगळी भिंगे करवून आत बसवावी लागतात. केवळ चाळिशी लागलेल्यांची गोष्ट निराळी. पडद्याची प्रतिमा काही मीटर दूर भासत असल्याने ती पाहण्यासाठी वाचनाचा चष्मा लागत नाही. मात्र काम करताना कडांखालून कीबोर्डकडे नजर टाकली की तो खराखुरा अर्ध्या मीटरवर असतो, आणि त्यावरची अक्षरे चाळिशीच्या चष्म्याविना अंधूकच दिसतात.