पार्श्वभूमी : मूलपेशींपासून हुकमी मानवी पेशी

इंग्लंडमधील केंब्रिज येथे विद्यापीठातील संशोधनातून २०१६ मध्ये उभी राहिलेली एक कंपनी आज मूलपेशींपासून (शरीरातील वेगवेगळ्या जातींच्या पेशी ज्यांपासून बनू शकतात अशा पेशींपासून) मानवी चेतापेशी आणि स्नायुपेशी घडवते व त्या गोठवून औषध-संशोधकांना पुरवते. या व्यवसायाचा आरंभ १९९८ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे मानवी भ्रूणातून मूलपेशी प्रथम वेगळ्या करण्यात आल्या तेव्हापासून मानला जातो. मात्र त्यातील मालकीचा, म्हणजे पेटंटचा, पेच समजून घ्यायचा तर युरोपातील एका निकालापाशी थांबावे लागते.

भ्रूणीय मूलपेशींपासून चेतापेशींच्या पूर्वपेशी बनवण्याच्या पद्धतीसाठी एका जर्मन संशोधकाने १९९७ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता. मिळालेल्या पेटंटला एका पर्यावरणवादी संघटनेने आव्हान दिले आणि 'मानवी भ्रूण' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न लक्झेंबर्गमधील युरोपीय न्यायालयापुढे आला. ऑक्टोबर २०११ च्या निकालाने ही व्याख्या फार व्यापक केली. फलित अंड तर भ्रूण ठरलेच, पण शुक्राणूविना, केवळ उत्तेजनाने विभाजन सुरू झालेले अफलित अंडही भ्रूण ठरले. शिवाय ज्या शोधासाठी भ्रूण नष्ट करावे लागते त्याला पेटंट नाही, मग ते कितीही आधी नष्ट झालेले असो, असे न्यायालयाने सांगितले. संशोधनावर यामुळे बंदी आली नव्हती, हे आवर्जून नोंदवायला हवे. तरीही वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत वाढत आलेल्या पेशींना त्यांच्या उगमाशी असे कायमचे जखडणे जीवशास्त्राच्या दृष्टीने ताणलेलेच होते. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने व्याख्या आवळली : मनुष्य म्हणून विकसित होण्याची अंगभूत क्षमता ज्यात नाही, ते अफलित अंड भ्रूण नव्हे.

तोवर दुसरी वाट रुळली होती. जपानमधील क्योटो येथे २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींच्या अवस्थेत नेण्यात यश आले. भ्रूणच नसल्याने तो वादही येथे उरला नाही.

उरला तो एकसारखेपणाचा प्रश्न. वाढीचे घटक टप्प्याटप्प्याने देऊन पेशी घडवायला आठवडे, कधी महिने लागत, आणि दोन खेपांच्या पेशी सारख्या निघतीलच असे नसे. योग्य जनुक चालू केले की पेशीची जात बदलते, हे १९८७ मध्ये स्नायुपेशींबाबत दिसले होते; परंतु बाहेरून घातलेले जनुक मूलपेशी बहुधा गप्प करून टाकत. सुरुवातीला उल्लेखलेली कंपनी ज्याच्या संशोधनातून उभी राहिली त्या केंब्रिजच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जनुक चालू करणारा नियंत्रक आणि हवे ते जनुक जनुकसंचातील दोन वेगवेगळ्या सुरक्षित जागी, म्हणजे जिथे ते गप्प केले जात नाहीत अशा ठिकाणी, बसवले जातात, व डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले की जवळपास सगळ्याच पेशी काही दिवसांत एकाच दिशेने बदलू लागतात.

या पेशींसाठी बाजारपेठेचे दार अमेरिकेने अधिक उघडले : नव्या औषधांच्या माणसांवरील चाचण्यांपूर्वी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती डिसेंबर २०२२ मधील कायद्याने काढून टाकली आणि तिला पर्याय म्हणून मानवी पेशींवर आधारित चाचण्यांना मान्यता दिली.