रेडिओतला हम आला कुठून

सातारा-सांगलीकडं नवीन हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स काढलेल्यांची पहिली तक्रार हमची, म्हणजे सेटमधल्या सततच्या घूं आवाजाचीच असते. हा हम समजून घ्यायचा तर जरा मागं जावं लागतं.

अमरेंद्र चंद्र गुप्तूंना 1921 मध्ये भारतातलं पहिलं हौशी लायसन्स मिळालं, तेव्हाचे सेट बॅटरीवर चालायचे, व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटला (तापणाऱ्या तारेला) एक आणि प्लेटला (इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या पत्र्याला) दुसरी हाय व्होल्टेजची, त्यामुळं लाइटीचा हम येणार कुठून. मग लाइटीवर सेट चालवायची धडपड सुरू झाली. फिलॅमेंटला थेट एसी दिला की तो स्पीकरमध्ये ऐकू यायचा, म्हणून 1920 च्या दशकाच्या शेवटी हीटर वेगळा आणि इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड वेगळा असे व्हॉल्व्ह आले. पण एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर आला तसा नवा हम पण आला. आपली लाइट 50 हर्ट्झची, फुल वेव्ह (एसीचे दोन्ही अर्धे वापरणाऱ्या) रेक्टिफायरनंतर ते 100 होतात, आणि डीसी सपाट करणाऱ्या फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळला की हे 100 स्पष्ट ऐकू येतात (अमेरिकन पुस्तकात 120 असतं कारण तिकडं 60 हर्ट्झ). नुसता खालच्या पट्टीतला 50 चा आवाज असेल तर पॉवर सप्लाय उघडू नका, आधी अर्थ लूप (दोन वाटांनी अर्थ जोडल्यामुळं झालेलं वेटोळं), माइकच्या वायरचं तुटलेलं शील्ड (बाहेरची जाळी) आणि शेजारचा ट्रान्सफॉर्मर बघा. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं.

साठच्या दशकात कोयनेची वीज सुरू झाली, पुढं गावोगाव लाइन पोचली, आणि 1963 ला सांगली आकाशवाणी आली. तेव्हापासून एक प्रकार जुन्या मेकॅनिक लोकांना चांगला माहीत आहे, स्टेशन लागलं की हम, काटा बाजूला नेला की गायब. सिग्नल लाइटीच्या वायरीतून रेक्टिफायरच्या डायोडपर्यंत जातो, डायोड सेकंदाला शंभरदा चालू-बंद होतात आणि तो हम सिग्नलवरच चढतो, मग फिल्टर कितीही वाढवा काही उपयोग नाही! प्रत्येक डायोडला 0.01 मायक्रोफॅरडचा, व्होल्टेजला पुरेसा डिस्क कपॅसिटर समांतर लावला की बहुतेक वेळा थांबतो. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

आता एसएमपीएस (स्विचिंगवाले पॉवर सप्लाय) आणि दोन पिनचे चार्जर आले. अर्थ नसल्यामुळं आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून लॅपटॉपच्या बॉडीवर शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत दिसतात, करंट किरकोळ असतो पण हाताला मुंग्या येतात, आणि एफटी8 (कॉम्प्युटरवरून छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) साठी तोच लॅपटॉप ऑडिओ केबलनं रेडिओला जोडला की तो करंट केबलच्या शील्डमधून वाहतो आणि हम थेट हवेत जातो, समोरच्याला आपल्या सिग्नलआधी हमच ऐकू येतो. त्यात जत, आटपाडी, माण, खटावकडं उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत, अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. काहीजण हम घालवायला तीन पिनची अर्थ पिनच काढतात, ते जिवावरचं काम आहे, अजिबात करू नका. ऑडिओ केबलमध्ये 600 ओहमचा वन इज टू वन (दोन्हीकडं सारखे वेढे असलेला) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, लूप तुटतो आणि अर्थ पण जागेवर राहतो.