व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबी चालते
"व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबी चालत नाही, नवा कॉम्प्युटर घ्या," हे आमच्या यवतमाळकडच्या ऑनलाइन सेंटरांत नेहमी ऐकू येतं. (व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेला दुसरा कॉम्प्युटर.) तसं वाटणं साहजिक आहे. अंगठ्याच्या मशीनचा दिवा लागतो, पण आतल्या विंडोजला ते दिसत नाही.

कारण यूएसबी उपकरण एका वेळी एकाच सिस्टिमच्या ताब्यात असतं, आणि लावल्याबरोबर ते बाहेरची, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरची, सिस्टिम घेते. एक सालदार एकाच वेळी दोन वावरांत कसा राबेल? व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिव्हाइसेस' मेनूतल्या 'यूएसबी'त जाऊन त्या उपकरणाच्या नावावर क्लिक करा. बाहेर लिनक्स असेल आणि यादी रिकामी दिसली, तर आपला युजर 'व्हीबॉक्सयूजर्स' (vboxusers) ग्रुपमध्ये टाकून पुन्हा लॉगिन करा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं.

मग आतल्या विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडून बघा. नाव दिसलं की जोडणी झाली. त्यावर पिवळं चिन्ह असेल तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहिलाय.