रक्त-लघवीतील वनस्पतिजन्य अल्कलॉइडांची तपासणी

धोतरा, कुचला, बचनाग, अफू अशा वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त विषद्रव्ये (अल्कलॉइडे) रुग्णाच्या वा मृताच्या रक्तात आणि लघवीत शोधण्याची पद्धत. नागपुरात संशयित मृत्यूतले नमुने पोलिसांमार्फत धंतोलीतल्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तिथला अहवाल पोलीस आणि वकिलांच्या तोंडी अजूनही ‘सीए रिपोर्ट’च आहे. सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. हिशेब तपासणारा नव्हे.

विदर्भात विषबाधा म्हटली की आधी कपाशीवरचे फवारणीचे औषध आठवते. वनस्पतिविषाचा विचार मागाहून येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. धोतऱ्यातले अ‍ॅट्रोपिन रक्तातून झपाट्याने उतरते, दर दोन ते चार तासांनी जवळपास निम्मे. त्याचा बराच भाग न बदलता लघवीत येतो, म्हणून दाखल होताच घेतलेली लघवी इथे रक्तापेक्षा कामाची. रक्त टिकावे म्हणून सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत ठेवतात. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, शीतपेटीशिवाय पाठवलेला नमुना वाटेतच बिघडतो. मृतदेह कुजताना तयार होणारी टोमेन द्रव्येही जुन्या रंगचाचण्यांना अल्कलॉइडासारखीच फसवतात.

मूळ युक्ती सोपी आहे. अल्कलॉइड आम्लात क्षार होऊन पाण्यात विरघळते. त्यात अमोनिया घातला की ते पाणी सोडून क्लोरोफॉर्ममध्ये जाते. बेल्जियमच्या झाँ स्तास यांनी १८५० मध्ये एका खुनाच्या तपासात असेच प्रेतातून निकोटिन वेगळे काढले. पुढे ऑटो यांनी त्यात सुधारणा केली, म्हणून स्तास-ऑटो पद्धत. अर्काचा थेंब सिलिकाच्या पातळ थरावर चालवून अल्कलॉइड दाखवणारे ड्रॅगेनडॉर्फ द्रावण फवारले की नारिंगी ठिपके उमटतात. कुचल्यातले स्ट्रिक्निन गंधकाम्ल व पोटॅशियम डायक्रोमेटने जांभळे होते. एके काळी विषबाधेचा संशय असलेल्या रुग्णाच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकून बाहुली विस्फारते का, हेही पाहत. धोतऱ्यासाठी चाचणी कामाची होती, मांजराला कोणी विचारले नाही. आता शेवटचा शब्द द्रव क्रोमॅटोग्राफीला (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करणारी पद्धत) जोडलेल्या वस्तुमान वर्णपटमापकाचा (रेणू वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र). बचनागातले अ‍ॅकोनिटिन दोनेक मिलिग्रॅममध्येही जीव घेऊ शकते. रक्तातली त्याची मात्रा ठिपक्यात दिसत नाही.

जठरातल्या बिया मात्र नुसत्या भिंगाखालीही बोलतात. भिवापुरी मिरचीच्या प्रदेशात हे महत्त्वाचे: मिरचीचे बी पिवळसर, गुळगुळीत, तिखट, धोतऱ्याचे तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे, खड्ड्याखड्ड्यांचे आणि कडू. ‘पिवळा धोतरा’ या नावाने फसू नये. ती बिलायत, धोतऱ्याच्या कुळातलीही नाही; तिच्या तेलातले सँग्विनारिन वेगळेच शोधावे लागते.

कण्हेरीचे विष ग्लायकोसाइड (साखरेशी जोडलेले संयुग) आणि गुंजेचे प्रथिन आहे. ‘अल्कलॉइड आढळले नाही’ असा अहवाल आला, तरी या दोघी सुटत नाहीत. त्यांची तपासणी वेगळी मागवावी लागते.