व्हर्च्युअल असिस्टंट की ऑफिसातला पीए?

आधी नावाचा घोळ मिटवू. २०११ साली ॲपलने आयफोनमध्येच दिलेली सिरी आणि २०१४ची अलेक्सा यांनाही व्हर्च्युअल असिस्टंटच म्हणतात. त्या इथे नाहीत. हा विषय हाडामांसाच्या माणसाचा आहे. तो स्वतःच्या घरून, स्वतःच्या लॅपटॉपवर काम करतो आणि बहुधा तुमच्यासारख्या आणखी दोघा-तिघांचंही सांभाळतो. पीए मात्र तुमच्या केबिनबाहेर बसतो आणि फक्त तुमचाच असतो.

बहुतेक जण पैशांपासून सुरुवात करतात. व्हर्च्युअलचा तासाचा दर ऐकून महाग वाटतं, पण पैसे मोजायचे ते काम झालेल्या तासांचेच. पीएला महिन्याचा पगार, रजा, टेबल, कॉम्प्युटर, शिवाय काम नसलेल्या दुपारचेही पैसे. खरं तर त्या रिकाम्या दुपारसाठीच पीए ठेवतात! हाक मारली की माणूस समोर हवा, त्याचीच ती किंमत.

माझ्या मते बघायचं ते एवढंच, की काम लिहून देता येतं का. तीनची मीटिंग चारला ढकलायची, पाच जणांना कळवायचं, तिकीट बदलायचं, हे एका मेसेजमध्ये मावतं आणि कुठूनही होतं. पण निरोप न मिळाल्यामुळे तीनलाच येऊन बसलेले, मांडीवर फाइल घेऊन सारखं घड्याळ बघणारे पाहुणे? त्यांना पाणी विचारायचं, आत येऊन तुमच्यापुढे हळूच चिठ्ठी सरकवायची, हे कुणी सांगत नसतं. ते दिसावं लागतं. चेकवरची सही, कुरिअर, कपाटातली जुनी फाइल यांचं तर बोलायलाच नको.

‘परक्याच्या हातात इनबॉक्स कसा द्यायचा?’ ही भीती रास्त आहे, पण पासवर्ड द्यावाच लागत नाही. जीमेलमध्ये डेलिगेशनची सोय आहे. समोरचा तुमच्या वतीने मेल वाचतो, पाठवतो, पासवर्ड बदलू शकत नाही. काम संपलं की तुम्ही परवानगी काढून घ्यायची. बँकेचा ओटीपी मात्र कुणालाच नाही, केबिनबाहेरच्या पीएलाही नाही.

ठरत नसेल तर आठवडाभर वही ठेवा. दुसऱ्यावर सोपवावंसं वाटलेलं प्रत्येक काम आणि त्याला लागलेला वेळ लिहा, आणि शेजारी ते समजावायला किती वेळ लागला असता तेही. समजावण्यातच कामाइतका वेळ जाणार असेल, तर ते दुरून करून घेण्यात अर्थ नाही. आणि सगळ्या कामांच्या वेळेची बेरीज आठवड्याला आठ-दहा तासच भरली, तर पूर्णवेळ ठेवलेला माणूस उरलेला आठवडा करणार काय?