मुक्तस्रोत डेस्कटॉप कार्यप्रणाली : चाचणी व सहभाग (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

ज्या कार्यप्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) मूळ स्रोत कोणालाही वाचता, बदलता व वाटता येतो, ती प्रथम चालवून पाहणे आणि तीत आढळलेले दोष, केलेली भाषांतरे वा दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे पोहोचविणे, या दोन परस्परसंलग्न कृतींचा येथे विचार केला आहे. डेबियन (१९९३), फेडोरा (२००३) व उबुंटू (२००४) ही लिनक्स या मुक्तस्रोत गाभ्यावर (कर्नलवर) आधारलेली वितरणे (वापरण्यास तयार असे प्रणाली-संच) विशेष प्रचलित आहेत; हायकूसारख्या (आरंभ २००१) लिनक्सेतर प्रणालींचीही चाचणी याच रीतीने होते.

यंत्रातील मूळ प्रणालीला हात न लावता नवी प्रणाली सीडी वा पेनड्राइव्हवरून चालविण्याच्या ‘लाइव्ह’ पद्धतीचा आरंभ कोणी केला, याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तो मान १९९२ मधील इग्ड्रॅसिल लिनक्सकडे जातो, कारण ते सीडीवरून सुरू करता येत असे. इतर लेखक क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सपासून (२०००) गणना करतात. केवळ कालक्रम पाहिल्यास पहिले मत टिकते. तथापि त्या काळच्या सीडी-ड्राइव्हचा वेग फार कमी होता. क्नॉपिक्सने यंत्रातील सुटे भाग आपोआप ओळखण्याची सोय केली आणि सुमारे २ जीबी सॉफ्टवेअर संकोचित करून ७०० एमबीच्या सीडीत बसविले. अनोळखी यंत्रावर निर्धास्तपणे चाचणी घेणे खऱ्या अर्थाने यामुळे शक्य झाले, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

उबुंटूच्या सीडी २००५ ते २०११ या काळात टपालाने विनामूल्य मागविता येत असत. आता काही जीबी आकाराची प्रतिमा-फाइल (संपूर्ण प्रणाली सामावणारी एकच फाइल) उतरवून घ्यावी लागते. खेड्यात मोबाइलच्या नेटवर हे काम अनेकदा अर्धवट राहते. तालुक्याच्या गावी एकाने उतरविलेली प्रत पेनड्राइव्हवरून हातोहात पुढे देणे त्यामुळे सोयीचे पडते. मात्र प्रत्येक हस्तांतरानंतर एसएचए-२५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणी-अंक) मूळ प्रकल्पाने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. जुन्या ३२-बिटी यंत्रांसाठी डेबियन १३ मध्ये (२०२५) इन्स्टॉलर दिलेला नाही, ही बाबही आधी लक्षात घ्यावी.

भारनियमन व अवकाळी वादळात जाणारी वीज यांमुळे येथील चाचणीला वेगळे मोल येते. एक्स्ट-४ सारखी नोंदवही ठेवणारी (होऊ घातलेले बदल आधी टिपून ठेवणारी) फाइल-व्यवस्था अशा वेळी स्वतःची रचना सावरते. पण अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेल्यास डेबियनकुळातील (डेबियन, उबुंटू इत्यादी) प्रणालीत पॅकेजे (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अर्धवट बसलेली राहतात व ती जुळवणी हाताने पूर्ण करावी लागते. लाइव्ह पेनड्राइव्हवर कायम साठ्याची सोय केली नसेल, तर केलेले काम रॅमबरोबर जाते. यूपीएस गृहीत धरणाऱ्या चाचणीकाराच्या अहवालात हे दोष सहसा उमटत नाहीत.

मराठी मजकुराची तपासणी हा सहभागाचा सर्वांत निकडीचा भाग आहे. ‘शेतकऱ्याने’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात) दोन प्रकारे नोंदविता येतो : ऱ व हलन्त मिळून, किंवा र, हलन्त व शून्यरुंदी जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) मिळून. दुसरी रीत मुख्यतः युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी असून पहिली श्रेयस्कर मानावी. पडद्यावर दोन्ही सारख्या दिसतात. साध्या शोधात मात्र एका रीतीने लिहिलेला शब्द दुसरीने सापडत नाही, आणि ग्रामपंचायतीच्या यादीत हा फरक क्षुल्लक राहत नाही. जोडणी फसल्यास ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आल्याने जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी रिकामा चौकोन येऊ शकतो. ल व श यांची मराठी वळणे तर फॉन्टमध्ये असूनही, मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली नसल्यास, हिंदी वळणाने उमटू शकतात. शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टांतील दस्तऐवज तो फॉन्ट नसेल तर अगम्य रोमन अक्षरांत उघडतात. हा प्रणालीचा दोष नव्हे, तरी वापर सोडून देण्यास तेवढे कारण पुरते.

दोष कळविताना आवृत्ती, यंत्राचे वर्णन, दोष पुन्हा घडविण्याचा क्रम व पडद्याचे चित्र द्यावे; अहवाल बहुधा इंग्रजीत अपेक्षित असतो. भाषांतर बहुतांशी ‘पीओ’ फाइलींतून होते. त्यात मूळ वाक्यापुढे मराठी वाक्य लिहितात आणि एकवचन व अनेकवचन यांसाठी स्वतंत्र रूपे देतात. प्रमाण मराठी वापरण्याचा संकेत आहे; वऱ्हाडी वा झाडीबोली बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ते वाक्य कळते की नाही, याची पडताळणी गावातच होऊ शकते, आणि ती भाषांतराइतकीच मोलाची समजली पाहिजे.

गोंडी भाषेच्या मसराम (२०१७) व गुंजाळा (२०१८) या लिप्यांना युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. गडचिरोली-चंद्रपूर भागातील गोंडी व मेळघाटातील कोरकू मजकूर बहुधा देवनागरीत लिहिला जातो. त्यांच्यासाठी कळफलक व शब्दसूची यांपासून आरंभ करावा लागेल.